‘मान्य आहे’ म्हटलं, पण कशाला?

नमस्कार,

सोनी बीएमजीच्या सीडींवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो. दुसऱ्यांदा वाचताना त्यातलं एक वाक्य अगदी खरं आहे हे लक्षात आलं, आणि मग दोन ओळींत उत्तर उरकणं बरं वाटेना.

मूळ चर्चा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्या, की गाण्यांची नक्कल रोखणारं एक सॉफ्टवेअर गुपचूप आत बसायचं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कंपनीला आपल्या गाण्यांची चोरी थांबवायचा हक्क होता. सामान्य माणसाचं काहीही बिघडलं नाही, आरडाओरडा केला तो मूठभर तंत्रज्ञांनी. त्यातल्या बहुतेकांनी ती सीडी विकतही घेतली नव्हती. आणि सीडी घातल्यावर येणाऱ्या करारातल्या ‘मान्य आहे’वर ज्याने क्लिक केलं, त्याने नंतर तक्रार कसली करायची?

चोरीचा मुद्दा आधी बाजूला करतो. फुकट्यांबद्दल मलाही कळवळा नाही. पण ते लपलेलं सॉफ्टवेअर कोणाच्या संगणकात शिरलं? दुकानात पैसे मोजून सीडी आणणाऱ्याच्या. ज्याने तीच गाणी फुकट उतरवून घेतली, त्याच्या संगणकाला धक्काही लागला नाही. शिवाय नक्कल रोखणाऱ्या सीडीवरच्या अशा कुलपांची ताकद २००३ मध्येच उघडी पडली होती. प्रिन्स्टनमधल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं होतं, की सीडी आत सरकवताना शिफ्टची कळ दाबून ठेवली तर सनकॉम कंपनीचं कुलूप लागतच नाही. सनकॉमने त्याच्यावर खटला भरायची धमकी दिली आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. एका कळीविरुद्ध कोर्टात काय सांगणार होते, देव जाणे.

आता ‘सामान्य माणसाचं काय बिघडलं?’ इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपला खरा मतभेद इथेच आहे.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी विंडोजचे नावाजलेले जाणकार मार्क रसिनोविच यांनी आपल्या संगणकात काय सापडलं ते लिहून जाहीर केलं. लपलेल्या गोष्टी शोधणारं स्वतःचंच अवजार ते तपासून पाहत होते आणि त्यात एक्ससीपी नावाचं हे प्रकरण हाती लागलं. ते काय करत होतं? विंडोजला ‘या फोल्डरमध्ये काय काय आहे?’ असं विचारलं की विंडोज यादी देते. हे सॉफ्टवेअर मध्ये बसून त्या यादीतून ठरावीक नावं गाळायचं. हजेरी घेणाऱ्याच्या कानाशी बसून काही नावं वगळायला लावावीत, तसं. वगळायची नावं कोणती, तर ‘डॉलर-सिस-डॉलर’ने ($sys$) सुरू होणारी. आणि ती कंपनीचीच असायला हवीत अशी अट नव्हती! तुम्ही कुठल्याही फाइलला ते नाव द्या, ती दिसेनाशी होणार. दहा-बारा दिवसांतच याच आडोशाने लपणारा व्हायरस फिरू लागला. ऑनलाइन गेममध्ये लबाडी करणाऱ्यांनी तर आपली साधनं लपवायला कंपनीचीच चादर वापरली.

रसिनोविच यांनी हे सॉफ्टवेअर हाताने काढलं, तर त्यांचा सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. त्यांच्यासारख्या माणसाची ही गत, मग बाकीच्यांनी काय करायचं? पुढे कंपनीने ते काढून टाकायची सोय दिली, पण त्यासाठी आधी फॉर्म भरून ईमेल पत्ता द्यायचा. आणि हे काढणारं साधन स्वतःमागे असा एक तुकडा ठेवून जायचं, की कुठलंही वेबपेज त्यातून तुमच्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवू शकेल. हे उघडकीला आणलं पुन्हा हाल्डरमन आणि त्याचे प्राध्यापक एड फेल्टन यांनी.

याला तुम्ही ‘काही बिघडलं नाही’ म्हणता, कारण बहुतेकांना काही जाणवलं नाही. कंपनीच्या डिजिटल विभागाचे प्रमुख थॉमस हेसी यांनीही अमेरिकी रेडिओवर असंच म्हटलं होतं: रूटकिट (संगणकात असं लपून बसणारं सॉफ्टवेअर) म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊकही नाही, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी? माझा आक्षेप नेमका याच तर्काला आहे. न जाणवणं हाच तर त्या सॉफ्टवेअरचा गुण होता. संगणक मंदावतो, ड्राइव्ह रुसतो, आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. मी स्वतः हे केलंय. एक फुकट प्रोग्राम काढून टाकल्यावरही ब्राउझरचं पहिलं पान पूर्ववत होईना, तर दोन संध्याकाळी मी ‘आपल्यालाच काही कळत नाही’ असं म्हणत सेटिंग्ज उलथीपालथी करत होतो. तो प्रोग्राम मागे एक शेपूट सोडून गेला असेल, हे मनातही आलं नाही.

म्हणून त्या मूठभर तंत्रज्ञांचं महत्त्व. सीडी विकत न घेतलेल्यांनीच जास्त आवाज केला हे तुमचं वाक्य खरं आहे. मीही घेतली नव्हती. पण रसिनोविच यांनी नुसता आरोप केला नाही, ज्याच्या संगणकात ते शिरलं होतं त्याला घरबसल्या पडताळता येईल अशी खूण दिली. फाइलचं नाव बदला आणि पाहा, गायब होते की नाही. ज्याला रूटकिट हा शब्द उच्चारता येत नव्हता, त्यालाही हे कळलं. ११ नोव्हेंबरला कंपनीने अशा सीडी बनवणं थांबवलं आणि पुढच्या काही दिवसांत बाजारातल्या परत मागवल्या. ५२ अल्बम होते ते. सुमारे ४७ लाख सीडी बनल्या होत्या आणि त्यातल्या २१ लाखांच्या आसपास विकल्या गेल्या होत्या.

२०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीच बसवून दिलेलं सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर असंच पकडलं गेलं. जाहिराती घुसडण्यासाठी ते सुरक्षित वेबसाइट आणि ब्राउझर यांच्या मधोमध बसायचं. बँकेच्या साइटवरच्या कुलपाच्या चित्रावर क्लिक केलं, की साइट खरी असल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी सुपरफिशचं नाव! शिवाय ही प्रमाणपत्रं बनवायची गुप्त चावी सगळ्या लॅपटॉपवर एकच. संगणक सुरक्षेचे जाणकार रॉबर्ट ग्रॅहम यांनी तिचा पासवर्ड काही तासांत फोडला, आणि तो निघाला ते तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव, ‘कोमोडिया’. लेनोवोने आधी ‘सुरक्षेला धोका असल्याचा पुरावा नाही’ असं सांगितलं, मग लवकरच सूर बदलून ते काढून टाकायचं साधन दिलं.

याउलट अवास्ट या अँटिव्हायरसचं पाहा. लोकांनी कुठल्या साइट पाहिल्या याची माहिती त्याची जंपशॉट ही उपकंपनी वर्षानुवर्षं विकत होती. इथे पडद्यावर दिसण्यासारखं काहीच नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी कागदपत्रांसह ते छापलं, आणि काही दिवसांतच जंपशॉट बंद झाली. म्हणजे राग तितकाच झटपट आला, फक्त पुरावा फार उशिरा पोचला. ‘लोकांना फरक पडत नाही’ हे तुमचं अनुमान मला इथेही पटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. मूळ लेखात मी ‘ग्राहकांनी कंपनीला गुडघे टेकायला लावले’ असं लिहिलं होतं, ते फुगवून लिहिलं. सीडी मागे घेतल्या गेल्या त्या ओरड्यामुळे, पण भरपाई मिळाली ती कोर्टकचेऱ्यांमुळे. २१ नोव्हेंबरला टेक्सास राज्याने खटला भरला. सामूहिक दाव्याच्या तडजोडीत ग्राहकाला साडेसात डॉलर आणि एक अल्बम, किंवा रोख नको असेल तर तीन अल्बम, असं काहीसं मिळालं. २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेशी झालेल्या तडजोडीत संगणक दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत देण्याचं ठरलं. नुसत्या संतापाने हे झालं नसतं.

राहिला ‘मान्य आहे’चा प्रश्न. तुम्ही विचारलंय, ‘तुम्ही स्वतः करार वाचता का?’ नाही वाचत. पण त्या सीडीबरोबरचा करार नंतर वकिलांनी वाचला. घरफोडीत मूळ सीडी चोरीला गेली, तर संगणकावरची गाणीही पुसायची. दिवाळखोरी जाहीर केली तरी पुसायची. कंपनीची जबाबदारी मात्र जास्तीत जास्त पाच डॉलर. आणि सॉफ्टवेअरबद्दल काय? एक छोटा प्रोग्राम बसवला जाईल, एवढं होतं. तो स्वतःला लपवेल, हे नव्हतं. अक्षर न् अक्षर वाचून होकार देणाऱ्यालाही आपण कशाला होकार देतोय ते कळलं नसतं.

गुडघे टेकण्याचं वाक्य आजच मूळ लेखातून काढलंय. सामान्य माणसाबद्दलचा परिच्छेद आहे तसाच ठेवलाय.