आंट आहे की गेली?

काल संध्याकाळी मला 20 पैकी 9 मार्क पडले. तेही एकट्याला नाही, जोडीत. भागाकार केला तर माझ्या वाट्याला साडेचार येतात. माझं वय 47 आहे.

पार्श्वभूमी फार नाही. ऑफिसच्या एका मेलमध्ये मी ‘आय हॅव सेंट द फाइल येस्टरडे’ असं लिहिलं. एका सज्जनाने ते सगळ्यांना कॉपी ठेवून दुरुस्त केलं, शेवटी हसरा चेहरा टाकून. फाइल मिळाली की नाही ते मात्र आजतागायत कळवलेलं नाही. तेव्हापासून मी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जातो. टेन्स शब्दावरचा विनोद मी इथे करणार नाही, तो पहिल्याच दिवशी वर्गातल्या तिघांनी करून घेतला. शिवाय काळवाला टेन्स आणि ताणवाला टेन्स हे लॅटिनमधल्या दोन वेगळ्या शब्दांतून आलेत. 

तर कालच्या कागदाचं शीर्षक होतं ‘पत्रातून मिश्र काळांचा सराव’. जॉन नावाच्या कुणीतरी पीटर नावाच्या कुणाला तरी पत्र लिहिलेलं. त्यातली क्रियापदं तेवढी मूळ रूपात, नुकतीच झोपेतून उठल्यासारखी, कंसात बसवलेली. आपण त्यांना तोंड धुवून, कपडे घालून वाक्यात पाठवायचं. 20 क्रियापदं, 12 मिनिटं, जोडीने.

माझ्या जोडीला काका आले. काका निवृत्त आहेत. आयुष्य हिशेबतपासणीत गेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासल्यामुळे छापील कागदावर त्यांचा मुळातच विश्वास नाही. पेन्सिलीला टोक काढून, कागद टेबलाच्या कडेला समांतर लावून ते तयार बसले होते.

पहिली तीन क्रियापदं सुतासारखी सरळ गेली. तुझं पत्र काल मिळालं, ‘रिसीव्हड’. सोमवारपासून कामात आहे, ‘हॅव बीन’. मी चक्क खूश झालो होतो. मग चौथं वाक्य आलं. जॉन लिहितो की माझी आंट त्या घरात तीस वर्षं, आणि पुढे कंसात नुसतं ‘लिव्ह’. त्यापुढचं वाक्य, घर फार शांत, आणि कंसात ‘बी’.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

“आंट म्हणजे कोण?”

“आंट म्हणजे... आंट.”

“ते कळलं हो. पण मावशी, आत्या, काकू की मामी?”

“इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द आहे, काका.”

“म्हणून तर हा घोळ. सख्खी मावशी असती तर पोराने अशी दोन ओळींत उरकली नसती. मला काकू वाटते. तीही चुलत.”

“बरं, चुलत काकू. ‘लिव्ह’चं काय करू? ‘लिव्हड’ लिहू?”

“लिव्हड म्हणजे राहत होती.”

“हो.”

“आता नाही राहत?”

“नाही.”

“मग कुठे आहे?”

मी घड्याळाकडे बघितलं आणि घाईत म्हणालो, “गेली असेल.”

“गेली म्हणजे?” काकांनी चष्मा काढला. “गेली म्हणजे मुलाकडे गेली, की गेली?”

आता हा प्रश्न इंग्रजीचा राहिलाच नव्हता. मी म्हटलं, पुढचं वाक्य बघा, घर शांत आहे म्हणतोय, म्हणजे आत कुणी नसणार. काका म्हणाले, “बाई मुळातच कमी बोलणारी असेल. आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं वीस वर्षं राहतंय, कपबशीचा आवाज नाही. म्हणून काय ते वारले?” मी म्हटलं, काका, पुढे सोळा क्रियापदं आहेत. काका म्हणाले, “असू देत. ती काय मरत नाहीत.”

मग त्यांनी रीतसर पर्याय मागितले. मी सांगितलं, ‘हॅज लिव्हड’ केलं तर ती तीस वर्षं राहत आली आहे आणि अजून राहतेच आहे. ‘लिव्हड’ केलं की विषय संपला. काका खुर्चीत मागे टेकले.

“म्हणजे एका ‘हॅज’वर बाई वाचते.”

“तसं म्हणायचं तर, हो.”

“मग लिहा की! ‘हॅज’ला काय पैसे पडतात? अहो, मी दरवर्षी हयातीचा दाखला देतो. समोर उभा राहतो, सही करतो, तरी तो कारकून वर मान करून दोनदा बघतो. जिवंत माणसाकडे एवढे पुरावे मागतात. आणि इथे एका बाईला नुसत्या अंदाजाने मारायचं? कंसात?”

मी ‘हॅज लिव्हड’ लिहिलं. खरं सांगतो, पटलं म्हणून नाही. मागच्या बाकावरची दोन कॉलेजची मुलं आमच्याकडे बघून हसायला लागली होती आणि मला पुढे सरकायचं होतं. पण तोवर 8 मिनिटं आंटच्या कामी आली होती. उरलेल्या 4 मिनिटांत मी 16 क्रियापदं अक्षरशः भिरकावली. काका मध्येच “जरा सावकाश, अक्षर बिघडतंय” असं म्हणत होते.

घाईत माणूस मातृभाषेत विचार करतो, हे मॅडमचं आवडतं वाक्य. ते खरं आहे, त्याचाच जास्त राग येतो. ‘तू येशील तेव्हा आपण फिरायला जाऊ’ यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो, आणि ते रास्तच आहे, दोन्ही गोष्टी अजून व्हायच्यात. इंग्रजीत अशा ‘व्हेन’च्या तुकड्यात ‘विल’ला मज्जाव. मी लिहिलं ‘व्हेन यू विल कम’. चूक. आपल्याला एखादी गोष्ट आत्ता, ह्या क्षणी कळत असेल तर आपण ‘कळतंय’ म्हणतो. मी लिहिलं ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग युअर प्रॉब्लेम’. चूक. म्हणे समजणं, माहीत असणं, मालकीचं असणं ही क्रियापदं चालू स्थितीत धरायची नाहीत. आपण ‘काल पाठवलंय’ बिनदिक्कत म्हणतो. तिकडे ‘काल’ आलं की ‘हॅव’ने उठून जायचं. इतक्या सोवळ्याने वागणारं क्रियापद मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि आपल्याकडे तरी काळाचा काळाशी फार संबंध असतो असं नाही. अजून बूट सापडलेले नसतात आणि आपण फोनवर ‘निघालो’ म्हणतो. पायजम्यातला माणूस ‘हा आलोच’ म्हणतो. भूतकाळ, वर ‘च’ लावून! करंगळी दारात सापडलेला माणूस ठणठणीत आवाजात ‘मेलो’ म्हणतो आणि घरातलं कुणी हातातलं काम टाकून उठत नाही. हे सगळे शुद्ध भूतकाळ आहेत आणि यातलं काहीही घडलेलं नसतं. असल्या भाषेत 47 वर्षं काढलेल्या माणसाने ‘हॅड बीन’ आणि ‘हॅज बीन’ यांतला फरक 4 मिनिटांत लावायचा.

मॅडमनी कागद गोळा केले. मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या आहेत आणि आम्हा दोघांनाही ‘सर’ म्हणतात, त्यामुळे अपमान नक्की कुणाचा झाला ते लगेच कळत नाही. त्यांनी उदाहरणादाखल एक कागद मोठ्याने वाचायला घेतला. तिसऱ्या शब्दाला मी माझं अक्षर ओळखलं. ‘व्हेन यू विल कम’ला हशा, ‘अंडरस्टँडिंग’ला हशा. आंटपाशी हशा आला नाही, फक्त लाल फुली आली.

“इथे ‘लिव्हड’ हवं होतं, सर.”

काका उभे राहिले. शाळेत राहतात तसे, बाकाला हात लावून. “मॅडम, कारण?”

“घर आता शांत आहे ना. म्हणजे ती तिथे राहत नाही.”

“असं पत्रात कुठे लिहिलंय?”

मॅडमनी पत्र वाचलं. मग परत वाचलं. मग त्यांनी पुस्तकाची शेवटची पानं उघडून दाखवली. “उत्तरांत ‘लिव्हड’ दिलंय, सर.”

इथे माझं हसू थांबलं, आणि अजून नीट परत आलेलं नाही. पत्र म्हणजे काय? ज्याला आंट माहीत आहे त्याने, ज्याला आंट माहीत आहे त्याला लिहिलेलं. जॉनला ठाऊक आहे ती आहे की नाही. पीटरलाही बहुतेक ठाऊक असेल. ठाऊक नाही ते फक्त आम्हाला, आणि मार्क आमचे जातात! ‘हॅज लिव्हड’ आणि ‘लिव्हड’ ही दोन्ही वाक्यं व्याकरणाने धडधडीत बरोबर आहेत. त्यातलं कुठलं खरं, ते व्याकरण सांगू शकत नाही, त्या घराची बेल वाजवूनच कळेल. मग हा सराव इंग्रजीचा झाला की पुस्तक काढणाऱ्याच्या मनातलं ओळखण्याचा? चूक असेल तिथे फुली मारा, ‘विल कम’ची फुली मी निमूट घेतली. पण ज्या एका जागी आम्ही खरंच विचार केला, नव्हे, त्या विचारापायी बाकीचा पेपर घालवला, तिथेच उत्तरसूची आडवी आली. शेवटच्या पानावर कारणं कधीच नसतात. नुसते आकडे आणि त्यांच्यापुढे निकाल.

रात्री झोप आली नाही. चिडलेला माणूस जे करतो ते मी केलं, वाचत बसलो. दोन गोष्टी हाती लागल्या. वर्गाच्या भिंतीवर जो 12 खणांचा काळांचा तक्ता आहे, तो बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांना मुळात मान्यच नाही. त्यांच्या मते क्रियापदाचं रूप बघाल तर इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी वेगळं रूपच नाही, ‘विल’ हे उसनं आणलेलं सहायक क्रियापद. बारातले दहा खण माझ्या डोक्यावर उगाच लादले होते हे कळल्यावर मला अर्धा तास फार बरं वाटलं. मार्क वाढले नाहीत.

दुसरी गोष्ट रोमन लोकांची. सिसेरो, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वक्ता आणि राजकारणी. याची शेकडो पत्रं शिल्लक आहेत. लॅटिन पत्रात एक पद्धत होती. ‘हे पत्र लिहितो आहे’ असं म्हणायच्या ऐवजी ‘लिहीत होतो’ असं लिहायचं. कारण पत्र पोहोचेपर्यंत दिवस जाणार, आणि वाचणाऱ्याच्या हिशेबाने ते लिहिणं होऊन गेलेलं असणार. म्हणजे काळ लिहिणाऱ्याचा नाही, वाचणाऱ्याचा. मी उठून बसलो. सिसेरोने आमच्या कागदात ‘वॉज रायटिंग’ लिहिलं असतं आणि मॅडमनी त्यालाही फुली मारली असती. हे ताबडतोब कुणाला तरी सांगावं असं वाटलं, पण रात्रीचे दीड वाजले होते आणि घरातला दुसरा माणूस गाढ वर्तमानकाळात होता.

खरी कमाल अशी की इंग्रजी माणूस स्वतः काळाशी वाटेल तसा खेळतो. सभ्यपणा करायचा असेल तर आत्ताची गोष्ट भूतकाळात ढकलतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’ वंडरिंग आत्ता चाललंय, काम आत्ता हवंय, पण ‘वॉज’ घातलं की ते नम्र. उद्या सहाला सुटणारी गाडी साध्या वर्तमानकाळात सुटते. त्यांनी केलं की शैली. आपण केलं की जोडीत 9.

घरी करायला एक पत्र दिलं होतं. पीटर होऊन जॉनला उत्तर लिहा, शक्य तितके वेगवेगळे काळ वापरा. मी आज ऑफिसात जेवणाची सुट्टी घालवून दीड पान लिहिलं. आंटबद्दल दोन ओळी सांत्वनाच्या टाकल्या, कारण आता तिचा निकाल लागलेला होता, आणि एकदा ‘हॅड बीन लिव्हिंग’सुद्धा बसवलं. दीड पानात 14 लाल खुणा आल्या. सांत्वनाच्या ओळीखाली मॅडमनी लिहिलंय, ‘चांगला प्रयत्न, सर’.

काकांनी त्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. वर तारीख, खाली सही, सहीखाली दोन रेघा आणि मध्ये एकच ओळ. ‘डियर जॉन, हाउ इज युअर आंट?’

मॅडमनी दहापैकी दहा दिलेत. चूकच नाही म्हणाल्या.