चहात पावडर टाकून दारू सुटत नाही

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. ‘ही पावडर चहात किंवा भाजीत मिसळा. पिणाऱ्याला कळतही नाही आणि 15 दिवसांत दारू कायमची सुटते. व्यसनमुक्ती केंद्रात पैसे घालवू नका, तिथून आलेले परत पितातच.’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

‘कळतही नाही’ हा यातला सगळ्यात घातक भाग. पुडीत नक्की काय आहे, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. समजा डायसल्फिरम आहे. ते खरंखुरं औषध आहे, डॉक्टर देतात. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं आणि या औषधामुळे ते पुढे मोडलंच जात नाही, साठत राहतं. वर दारू गेली की चेहरा लालभडक, छातीत धडधड, ओकाऱ्या, रक्तदाब धाडकन खाली. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर आधी लिव्हर आणि हृदय तपासतात, पेशंटला सगळं सांगतात, त्याची संमती घेतात. आणि या औषधाचा उपयोगच मुळी ‘आता प्यायलो तर खैर नाही’ या धाकात आहे. ज्याला काही माहीतच नाही, तो कशाला थांबेल? तो ठरल्या वेळी ठरल्या गुत्त्यावर जाऊन बसणारच.

आता ते 15 दिवस. सकाळचा उतारा घेतल्याशिवाय ज्याच्या हातातली कपबशी वाजायची थांबत नाही, त्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. नंतर काहींना भिंतीवर किडे दिसतात, माणूस बरळतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. त्याची जागा तेव्हा दवाखान्यात असते, खोलीला कडी घालून नव्हे.

‘परत पितातच’ हे मात्र अर्धं खरं. बरेच जण पितात, काही दोन-तीनदा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे. तिथले 35 दिवस ही सुरुवात असते, खरी परीक्षा घरी आल्यावर. केंद्रं फसली म्हणावं, तर एम्सचं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेलं देशव्यापी सर्वेक्षण बघा: दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कुठलातरी उपचार मिळालेला. उरलेले 37 कुठल्याच दारात पोचले नव्हते. पैशाचं म्हणाल, तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला फी नसते.

मागच्या महिन्यात एका हळदीत केंद्रातून नुकताच आलेला एक जण सोडा घेऊन बसला होता. ‘आज हळद आहे रे, एका घोटाने काय होतंय?’ असं तिघांनी तरी म्हणून झालं. त्याच्या मेहुण्याने बर्फ आणायच्या निमित्ताने त्याला स्कूटरवर बसवलं आणि थेट घरी नेऊन सोडलं. बर्फ काही आला नाही.

परवा मेसेज पुन्हा आला तेव्हा मी खाली फक्त 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर टाकला. ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी जिन्यात वरच्या वहिनींनी हळूच विचारलं, ‘फोन त्यांनीच करायला लागतो, की मी केला तरी चालतो?’

चालतो म्हटलं, वहिनी.