‘बाळ-बाळंतीण सुखरूप ना? मग तक्रार कसली?’

लेबर रूममधल्या अपमानाबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या की हा मेसेज हटकून फिरायला लागतो: ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? मग कोण काय बोललं ते कशाला धरून बसायचं? ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही, सोबतीला माणूस आत घेतला की गोंधळ होतो, आणि घाईत परवानगी कसली विचारायची? डॉक्टरांनी जीव वाचवायचा की गोड बोलायचं?’

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण खरी गोम तिथे आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरातल्या मातामृत्यूंचं एक प्रमुख कारण. अंगावर चादर, खाली गादीत मुरणारं रक्त. नुसत्या नजरेने अंदाज केला तर तो बहुतेकदा कमीच निघतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ अभ्यासात चार आफ्रिकी देशांमध्ये बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली पिशवी लावून रक्त मोजलं, मर्यादा ओलांडताच ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू केले, आणि गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण जवळपास 60 टक्क्यांनी घटलं. पण अशी पिशवी नसेल तिथे? ‘सिस्टर, चक्कर येतेय, खाली सगळं ओलं लागतंय,’ हे बाईच सांगणार. तासाभरापूर्वी ‘गप्प पड’ ऐकलेली बाई ते सांगेल का? डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणंही आधी तिलाच जाणवतात, बाळंतपणानंतरसुद्धा.

आता ओरडण्याचं. ‘नऊ महिन्यांपूर्वी नाही ओरडलीस ती!’ या टोमण्याने गर्भाशयाचं तोंड लवकर उघडतं, असं कुठल्याच पुस्तकात नाही. मुळात ही घाईच पुष्कळदा अनाठायी असते. गर्भाशयाचं तोंड उघडण्याचा तासाला एक सेंटिमीटर हा वेग प्रत्येकीला लागू होत नाही आणि केवळ तेवढ्यावरून हस्तक्षेप करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितलंय. पोटावर दाब देऊन बाळ खाली ढकलू नये, सरसकट खालून छेद देऊ नये, हेही त्याच शिफारशींत आहे.

सोबतीच्या माणसाबाबत तर पुरावा उलटाच आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 26 चाचण्या पाहिल्या गेल्या: कळांमध्ये सतत कुणी जवळ असलं तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळही थोडा घटतो. गोंधळ होतो तो आडपडदा नसलेल्या दाटीच्या वॉर्डात. तिथे पडदे लावा, माणूस कशाला हाकलता?

परवानगीचं थोडक्यात. बाळाचा खांदा अडकला तर कुणी चर्चा करत बसा म्हणत नाही. पण दर चार तासांनी होणारी आतली तपासणी ही काही इमर्जन्सी नव्हे. ‘तपासू का?’ विचारायला किती वेळ लागतो?

आणि हो, एकाच सिस्टरच्या गळ्यात कळा देणाऱ्या सात-आठ बाया असतील तर तिचा आवाज चढणारच. म्हणून तर नीट वागणुकीच्या मागणीतच जादा सिस्टर आणि दाई नेमण्याची मागणी येते. मेसेजवाले या मागणीला डॉक्टरविरोध म्हणतात.