"ऊठ, खा" हे वचन आयांसाठीही आहे

थकलेल्या आईला "अजून प्रार्थना कर गं" एवढंच सांगून आपण मोकळे होतो, हे आता थांबायला हवं. मी स्वतः प्रार्थनेच्या जोरावर उभी असलेली बाई आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

माझा मुलगा उशिरा बोलायला लागला. अजूनही दोन-तीन शब्दांच्या पुढे त्याचं वाक्य जात नाही. नवऱ्याची अंबडच्या कंपनीत शिफ्ट ड्युटी, माझी शाळेची नोकरी आणि संध्याकाळी स्पीच थेरपी. थेरपी म्हणजे तासभर सेंटरवर नेलं आणि झालं, असं नसतं. खरं काम घरी असतं. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, "केळं की बिस्कीट?" असं हळू विचारायचं आणि मग थांबायचं. त्याने बोट दाखवलं तरी लगेच द्यायचं नाही, काहीतरी आवाज काढेपर्यंत वाट बघायची. हे रोज करायचं, पोळ्या लाटतानासुद्धा. असे महिनेच्या महिने गेले आणि काहीच फरक दिसत नव्हता.

त्या दिवसांत उपासनेनंतर कोणीतरी मला म्हणालं, "विश्वासात कुठेतरी कमी पडतंय तुमच्या. उपास धरा." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि ते माझ्यासोबत राहिलं. आपलं मूल आपल्या अविश्वासामुळे बोलत नाही, हा विचार एखाद्या आईच्या मनात घालणं किती जड आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं.

मला धीर मिळाला तो बायबलमधल्या १ राजे १९ व्या अध्यायात. आपण एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत त्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर उतरलेला अग्नी सांगतो, संडे स्कूलमध्ये त्याचंच चित्र रंगवतो. त्याच्या पुढच्याच पानावर तोच एलीया रानात एका झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो आणि झोपी जातो. देवाने त्याला काय केलं? रागावला नाही. विश्वास कुठे गेला, असं विचारलं नाही. दूत आला, त्याने त्याला हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाणी होतं. एलीयाने खाल्लं आणि तो पुन्हा झोपला! दूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा खायलाच सांगितलं, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची होती. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी त्यानंतरची आहे. आधी भाकर, आधी झोप. रात्र-रात्र जागणाऱ्या आईने हा क्रम एकदा नीट वाचावा.

आणि माझ्यापर्यंत ही भाकर खरोखरच आली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक काकू एका दुपारी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. वचन सांगितलं नाही, प्रार्थनाही मोठ्याने केली नाही. "तू झोप गं, मी बघते त्याला," एवढंच म्हणाल्या. मला माझ्या देवाची इतकी खात्री त्याआधी कित्येक दिवसांत वाटली नव्हती.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो की चांगलं करण्याचा कंटाळा करू नका, खचलो नाही तर योग्य वेळी पीक पदरी पडेल. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. त्यामुळे हे वचन मला बागेतच समजतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल बोडका करतात, मग ऐन उन्हात नव्या काड्या फुटतात, त्यांना पाणी, खत, फवारणी, सगळं चालू असतं आणि वेलीवर एकही घड नसतो. पण सूक्ष्म घडनिर्मिती होते ती त्याच उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्याच्या आत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, जो घड बाहेर येतो, तो आधीच ठरलेला असतो. उन्हाळ्यात बागेकडे दुर्लक्ष केलं तर ऑक्टोबरमध्ये कितीही धावपळ करा, काड्या वांझ निघतात. मी मुलापुढे बसून उत्तराची वाट बघते तेव्हा आमचा एप्रिल चालू आहे, असं मानते.

आपल्या नाशिकला या धीराची परंपरा आहे. जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक (जन्म १८६८) आठवा. १८९५ साली नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेली ती वर्षं किती कठीण असतील! १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही कोणाच्या दडपणाखाली नाही, स्वतःला पटल्यावर. पुढे त्यांच्या घरात परक्यांचीही मुलं वाढली. आणि त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना नाशिकच्याच शरणपूर या मिशनच्या वस्तीत आसरा आणि शिक्षण मिळालं. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली तिथेच वारला तेव्हा त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. त्या मुलांच्या जन्मदात्या आया इथे नव्हत्या. त्यांना रोज कोणीतरी जेवू घातलं, अक्षरं गिरवायला लावली. त्या हातांची नावं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत, पण आई होण्याचं काम मंडळीने मिळून करायचं असतं, हे मी तिथून घेते.

बायबलमधल्या हन्नाने मूल व्हावं म्हणून केलेली प्रार्थना आपण नेहमी सांगतो. मला तिने शिवलेला झगा जास्त जवळचा वाटतो. तिचा मुलगा शमुवेल मंदिरात राहायला गेल्यावर ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा करून न्यायची. मूल नजरेसमोर नाही, किती वाढलं असेल याचा अंदाज घेत कापड बेतायचं, पुढच्या वर्षी पुन्हा थोडा मोठा. प्रार्थनेचं उत्तर मिळाल्यानंतरही हे काम संपलं नाही. आमच्या घरी प्रार्थना आणि थेरपी दोन्ही चालतात. एकामुळे दुसऱ्याची किंमत कमी होते, असं मला कधीच वाटलेलं नाही.

म्हणून मी पाळकसाहेबांशी आणि महिला मंडळाशी बोलले आहे. शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही काही जणी मुलं सांभाळायला बसणार आहोत. बोलणारी, न बोलणारी, चाकाच्या खुर्चीतली, सगळी चालतील. आयांनी तेवढा वेळ घरी जाऊन झोपावं. नाशिकरोड, सातपूर, सिडको, कुठूनही या, आपल्या मंडळीच्या नसलात तरी या. येण्याआधी मला मेसेज करा, मुलाला काय खायला चालतं, कशाची भीती वाटते, तेवढं कळवा. आणि ज्यांना मुलं सांभाळणं जमणार नाही, त्यांनी डबा पाठवा.