काटा वर जाऊन राहिला

पांढरकवड्याच्या कोणत्याही पानठेल्यावर जा आणि "गाडी गरम होऊन राहिली" एवढंच म्हणा. खर्रा घोटणारा घोटता घोटता मान वर न करता सांगते, "वॉल काढून फेका." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनचं गरम पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप. बाजूचा म्हणते हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग गेलं, इंजिन खोलावं लागते. तिसरा म्हणते फॅन डायरेक्ट करा, म्हणजे सरळ बॅटरीला जोडा. आणि चौथा, जो शेजाऱ्याची सायकल घेऊन खर्रा न्यायला आलेला असते, तो म्हणते "विकून टाका ना भाऊ". गाडी कधी गरम होते, कुठं होते, हे कोणी म्हणजे कोणीच विचारत नाही.

आमची गाडी तशी देखणी आहे हो. दलालानं विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "सिंगल ओनर, घर ते जिनिंग अन् जिनिंग ते घर, बाकी कुठीच गेली नाई." हिवाळाभर मस्त चालली. होळी झाली, ऊन तापलं, एसी लावणं सुरू झालं आणि गरमीचा काटा मधातून हळूहळू लाल रेघेकडं सरकायला लागला.

मे महिन्यात वणीला सासरकडचं लग्न होतं. पारा ४५ वर, पुढच्या सीटवर मामाजी, मागं बायको, आत्याबाई आणि आहेराच्या भांड्यांचा डबा. करंजी सोडून मारेगावच्या रस्त्याला लागलो, गाडी चांगली ऐंशीनं पळत होती आणि काटा वर. एसी बंद केला तरी वरच. आता हे मला माहीत होतं की गाडीचा हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरते, त्यामुळं हीटर फुल केला की इंजिनची थोडी गरमी आपल्या अंगावर घेता येते. म्हणून मी हीटर फुल केला. मे महिन्यात. वणीच्या रस्त्यावर. भर दुपारी.

मामाजी आधी काही बोलले नाही, माणूस भिडस्त. मग टोपी काढली, मग वरची बटनं खोलली आणि शेवटी म्हणाले, "जवाईबुवा, हे एसी असं काहून करून राह्यलं?" मी शास्त्र समजावून सांगितलं. ते ऐकून आत्याबाई मागून म्हणाल्या, "इंजिन वाचलं पाह्यजे, मानसं काय, दुसरी भेटतीन."

शेवटी गाडी कडुलिंबाखाली लावली. लगेच मामाजी दुपट्टा हाताला गुंडाळून रेडिएटरचं टोपण खोलायला निघाले, त्यांना अक्षरशः धरून मागं ओढावं लागलं. त्या टोपणावर ०.९ असं काहीतरी लिहिलेलं असते, बाहेरच्या हवेपेक्षा तेवढ्या बार जादा दाबाखाली आतलं पाणी शंभरच्या बरंच वर, ११५-१२० अंशापर्यंत न उकळता राहते, आणि टोपण खोलून दाब सुटला की एकदम उकळून थेट तोंडावर येते. "मंग हे आधी सांगा लागत जा," मामाजी म्हणाले आणि रागानं झाडामागं जाऊन बसले. लग्नात अक्षता हुकल्या, जेवण सापडलं.

मग मिस्त्री सुरू झाले. पहिल्यानं पानठेल्याचा सल्ला मानून थर्मोस्टॅट काढलाच. हा वॉल साधारण ८०-९० अंशाला उघडतो, तोवर इंजिनला तापू देते, ते त्याचं कामच आहे. तो काढल्यावर सकाळी गाडीला गरम व्हायलाच वेळ लागायला लागला, ॲव्हरेज पडलं, आणि हायवेला काटा जसाच्या तसा वर. दुसऱ्यानं फॅन डायरेक्ट केला, डॅशबोर्डखाली एक लाल स्विच लोंबकळत सोडला, पंख्याच्या आवाजानं गावातले कुत्रे उठायला लागले, काटा तरी वरच. तिसरा म्हणाला हेड उतरवू. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकायचाही सल्ला मिळाला, पण आमच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या गंजाला आतून पांढरा थर चढते, ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत कोण टाकणार?

हेड उतरवायच्या आदल्या दिवशी शेजारचा ट्रॅक्टरवाला दुधाची बरणी घेऊन जात होता, थांबला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "उभी असतानी तापते का पयतानी?"

मी म्हटलं, पळताना, आणि एसी लावला की जास्त. उभी असली तर ठीक.

"मंग पंखा चांगला हाये. पंखा खराब असता तं उभ्यानं तापली असती, पयतानी त हवा आपोआपच लागते." मग त्यानं ऑइलची काडी काढून पाहिली, ऑइल दुधासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे गॅसकेटमधून पाणी त्यात उतरलेलं नव्हतं. इंजिन थंडच होतं, टोपण खोलून गाडी चालू केली, पाण्यात बुडबुडे नाही, म्हणजे गॅसकेटमधून इंजिनचा गॅसही पाण्यात येत नव्हता. "हेड कायले उतरवता बे? हवा कुठी अडकली थे पाहा." आणि तो बंपरखाली आडवा झाला.

एसीचा कंडेन्सर पुढं असतो, रेडिएटर त्याच्या मागं, दोघांच्या मधात बोटभर फट. त्या फटीत रुई बसली होती. कापसाची, धुळीनं काळी पडलेली, नमद्यासारखी घट्ट. सिंगल ओनरनं किती सीझन गाडी जिनिंगच्या आवारात उभी केली असेल कोण जाणे, उडालेली सगळी रुई या पंख्यानं आत ओढली होती. समोरून बघितलं तर जाळी एकदम स्वच्छ. "थ्रेशरवर आमचा रेडिएटर असाच भुसकटानं भरते," तो म्हणाला. वरच्या पट्ट्या खोलून, पाइपचा दाब कमी ठेवून, इंजिनच्या बाजूनं पुढं असं पाणी मारलं, कारण जोरात मारलं की पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात. घमेलंभर रुई निघाली. गादी नाही, पण एक बरी उशी झाली असती.

नवा थर्मोस्टॅट बसवला. आता एसी लावून वणीला जाऊन आलो तरी काटा मधात. फक्त तो लाल स्विच काढायचा राहून गेला. परवा मामाजी आले, गाडीत बसल्या बसल्या त्यांनी तो लाइटचा समजून दाबला आणि उतरून जेवायला गेले. सकाळी सेल्फच लागेना. धक्का मारायला पानठेल्यावरची चार मंडळी आली. एक म्हणाला बॅटरी, एक म्हणाला डायनॅमो, एक म्हणाला हेड उतरवून पाहा, आणि सायकलवाल्यानं विचारलं, "अजून विकली नाई का?"