इनोसिनने कंपवात थांबत नाही, मुतखडे मात्र वाढतात

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘रक्तातलं यूरिक ॲसिड कमी पडलं की कंपवात होतो. रोज यूरिक ॲसिड वाढवणारी इनोसिनची पावडर घ्या, गाउटची गोळी बंद करा, कंपवातावरची लेवोडोपा सोडा, चार कप कॉफी प्या. अमेरिकेत सिद्ध झालंय, कंपन्या लपवतात.’ आमच्या काकाजींनी तो वाचला, पावडर ऑनलाइन मागवली आणि ॲलोप्युरिनॉलची, म्हणजे गाउटच्या गोळ्यांची, पट्टी कपाटात टाकून दिली. काकूंचा फोन आला म्हणून कळलं तरी.

काकाजींना कंपवात आहे, आणि यूरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात तो गाउटही आहे. म्हणजे यूरिक ॲसिड आधीपासूनच चढलेलं. मेसेज खरा असता तर त्यांना कंपवात व्हायलाच नको होता! बरं, एका माणसावरून काही ठरत नाही, म्हणून ‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ याकडेच बघू.

तिथे झालेली चाचणी ‘शुअर-पीडी ३’. पैसा तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा आणि मायकल जे. फॉक्स फाउंडेशनचा. निकाल २०२१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, लपवलेलं काहीच नाही. नुकताच कंपवात झालेले, यूरिक ॲसिड कमी असलेले २९८ रुग्ण घेतले. काहींना इनोसिन, काहींना नुसती दिखाऊ गोळी. इनोसिनवाल्यांचं यूरिक ॲसिड ठरवल्याप्रमाणे वाढलं. आजार? लक्षणं मोजायच्या गुणांत (जास्त गुण म्हणजे जास्त आजार) तो इनोसिनवर वर्षाला ११.१ गुणांनी वाढला, दिखाऊ गोळीवर ९.९ गुणांनी. फायदा दिसण्याची आशाच उरली नाही, म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली. मुतखडे मात्र इनोसिनवर १०० रुग्ण-वर्षांमागे (१०० रुग्ण वर्षभर पाहिले तर) ७, दुसऱ्या गटात १.४.

आणि हे कुठे, तर वारंवार रक्त तपासून डोस ठरवला जात होता तिथे. इथे काकाजी चमच्याने पावडर घेणार, तेही नागपुरात, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना. नवतप्यात कूलरसमोर बसूनही अंग सुकतं, लघवी पिवळीजर्द होते. त्यांना एकदा मुतखडा होऊन गेलाय. आणि इनोसिन शरीरात मोडत मोडत शेवटी यूरिक ॲसिडच होतं. ॲलोप्युरिनॉल नेमकं तेच बनणं अडवतं. म्हणजे बांध फोडायचा आणि वरून पाणीही सोडायचं. मेसेज लिहिणाऱ्याला हे कळत नसेल तर त्याने औषधांवर बोलू नये, आणि कळत असेल तर हा गुन्हा आहे.

यात खरं एवढंच की ज्यांचं यूरिक ॲसिड जास्त असतं त्यांच्यात कंपवात कमी दिसतो, असं मोठ्या पाहण्यांमधून आढळलंय. म्हणूनच तर चाचणी झाली. पण सोबत दिसणं वेगळं आणि कारण असणं वेगळं.

कॉफीचं म्हणाल तर कॅफिन मेंदूतल्या ॲडेनोसिन या रसायनाच्या ग्राहींना (ते जिथे चिकटतं त्या जागांना) अडवतं, हे बरोबर. त्याच वाटेने काम करणारं इस्ट्राडेफिलीन हे कंपवाताचं औषध जपानमध्ये २०१३ला आणि अमेरिकेत २०१९ला मंजूर झालं, पण लेवोडोपासोबत द्यायचं औषध म्हणून, त्याच्या जागी नव्हे. कॉफी प्या, आवडत असेल तर. ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ यावर वेळ घालवत नाही, मुतखड्याचे आकडे वर दिलेत.

‘लेवोडोपा सोडा’ हे मात्र सगळ्यात वाईट. कंपवातात मेंदूत डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि लेवोडोपाचं मेंदूत डोपामाइन होतं, म्हणून माणूस हालचाल करू शकतो. एकदम बंद केलं तर अंग लाकडासारखं ताठ होऊन तीव्र ताप येऊ शकतो, जिवावर बेतू शकतं.

तुमच्या घरी कोणी मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या असतील तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. परत किती डोसने सुरू करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. आणि लेवोडोपा थांबवल्यावर ताप येऊन अंग ताठ झालं असेल तर फोनची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या.