रेवदंड्याचा कोट बघून परत फिरू नका, पुढे कोर्लईलाही जा

गेल्या रविवारी आईला घेऊन रेवदंडा आणि कोर्लई करून आले. अलिबाग-मुरूड रस्त्यावरून मी लहानपणापासून जातेय, पण रेवदंड्याची तटबंदी कायम एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेली. या वेळी ठरवून उतरलो.

कोटाच्या आत आजही वस्ती आहे, हे इथलं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या, आणि त्यांच्या मधूनच अचानक एखाद्या चर्चची उभी भिंत. सातखणी बुरुजापर्यंत जाणारी वाट वाडीतून जाते. नाव सातखणी, पण आता सात मजले काही उरलेले नाहीत. जे उरलंय त्याच्या दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची मुळं शिरलीत. आई बराच वेळ त्या मुळांकडेच बघत होती. म्हणाली, "हे आत्ता काढलं नाही तर दहा पावसाळ्यांत बुरूज खाली येईल." तिचं म्हणणं मला अगदी पटलं. तटबंदीवर बदामाचं चित्र काढून स्वतःची नावं कोरणाऱ्यांचा राग येतोच, पण पिंपळाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

रेवदंड्याला लागूनच असलेलं चौल हे फार जुनं बंदर. पोर्तुगीज यायच्या आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गे येऊन इथेच उतरला होता. १५०८ साली इथल्या पाण्यात मोठी आरमारी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तीत मारला गेला. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी रेवदंड्याचा कोट बांधायला घेतला. खाडीच्या पलीकडचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकून घेतला, आणि कुंडलिकेच्या तोंडाच्या दोन्ही बाजू त्यांच्या हातात आल्या. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहात हे सगळं मराठ्यांकडे आलं.

इथवरचा इतिहास बरेच जण सांगतात. मला लिहायचंय ते यापुढचं.

साळावचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईला गेलो. दीपस्तंभाकडून पायऱ्या चढून किल्ल्यावर गेलं की माथा एवढा चिंचोळा, की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी. सुंदर आहेच. पण माझा जीव अडकला तो खाली गावात. पाणी मागायला एका ओटीवर थांबलो होतो. आजी आमच्याशी छान मराठीत बोलत होत्या, "बस गं बाय, उन्हाची आलीस." तेवढ्यात त्यांनी नातवाला हाक मारून काहीतरी सांगितलं, आणि ते मराठी नव्हतं. कोकणीही नव्हतं. नातवाने त्याच भाषेत उत्तर दिलं आणि कळशी घेऊन आत गेला.

ही त्यांची 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', पोर्तुगीजमधून तयार झालेली. पोर्तुगीज सत्ता गेली त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी या एका गावातल्या ख्रिश्चन घरांत ती आजही बोलली जाते. बोलणारे फार तर हजारभर. आई मला हळूच म्हणाली, "शब्द एक कळत नाही, पण बोलणं आपल्यासारखंच वाटतंय." माझ्या अंगावर काटा आला, कारण भाषेचे अभ्यासकही हेच सांगतात: शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण शेजारच्या मराठीमुळे क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलंय. आपल्या मराठीतही पोर्तुगिजांची देणगी आहेच की. चावी, बादली, साबण, पगार, घमेलं, तुरुंग, लिलाव हे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि ते कुठून आले ते विचारतही नाही.

आम्ही पाहिलेल्या एकाही फलकावर या भाषेचा उल्लेख नव्हता. किल्ला कोणी बांधला आणि कोणी जिंकला ते आपण वाचतो, फोटो काढतो आणि मुरूडच्या हॉटेलात जेवायला निघून जातो. मला वाटतं किल्ल्याच्या पायथ्याशी लावायच्या फलकावर मराठीच्या खाली नॉ लिंगमध्येही मजकूर हवा, देवनागरीत, आणि तो गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलेला. शाळेतल्या पोरांनी आजी-आजोबांच्या गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या तरी केवढं काम होईल! खर्च जवळजवळ शून्य. पिंपळ काढायला सरकार लागतं, याला नाही लागत.

एक मात्र कळकळीने सांगते. तिथे जाऊन कुणाच्या तोंडापुढे कॅमेरा धरून "जरा बोलून दाखवा ना" असं करू नका. ती त्यांची घरातली भाषा आहे. ओटीवर बसा, पाणी मागा, गप्पा मारा.

निघताना आजींनी आईच्या पिशवीत चार आंबाडे टाकले आणि आम्हाला काहीतरी म्हणाल्या. अर्थ विचारला तर हसून म्हणाल्या, "परत आलीस की सांगेन." दिवाळीनंतर जायचं ठरलंय.